ड्रायव्हर कुठे झोपणार?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या घरांत मुंबईचा बेत ठरतो. मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे असतात, आजीला सिद्धिविनायक आणि महालक्ष्मीचं दर्शन घ्यायचं असतं, आणि एक संध्याकाळ मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तर सगळ्यांनाच हवी असते. मग घरातलं कुणीतरी हॉटेल शोधायला बसतं. दादरला उतरावं की फोर्टात? आजीचे गुडघे दुखतात, तर लिफ्ट आहे ना? नाश्ता भाड्यात धरलाय का? जादा गादीचे किती घेतील? रात्री-अपरात्री मुलाला ताप आला तर जवळ दवाखाना आहे का? या चौकश्या वरवर व्यवहाराच्या दिसतात, पण त्यांत माया असते. घरातल्या प्रत्येकाची सवय, दुखणं, भीती ध्यानात घेऊनच खोली ठरते.

याच बेतात एक सात आसनी गाडीही ठरलेली असते. गाडी मुक्कामी, टोल-पार्किंग वेगळं, ड्रायव्हरचा भत्ता रोजचा अमुक. घरची माणसं सहा, खोल्या दोन. गाडीतला सातवा माणूस या हिशेबात रक्कम होऊन येतो. तो रात्री कुठे पाठ टेकणार, हे कुणी विचारत नाही. न विचारणारी माणसं वाईट नसतात. ड्रायव्हर लोकांना गाडीत झोपायची सवय असते, असं आपण सगळ्यांनीच धरून ठेवलं आहे.

ही सवय एकदा जवळून पाहावी. दक्षिण मुंबईत मध्यम दराच्या हॉटेलांच्या एखाद्या गल्लीत रात्री 11 नंतर चक्कर मारा. ओळीने लागलेल्या गाड्यांत पुढची सीट मागे पाडून माणसं आडवी झालेली असतात. स्टिअरिंगखाली पाय मावत नाहीत म्हणून एक पाय डॅशबोर्डवर. काच लावली तर उकाड्याने जीव जातो, उघडली तर डास फोडून काढतात, म्हणून चार बोटं फट ठेवून तिथे टॉवेल अडकवलेला. एसी लावावा तर डिझेल मालकाचं, शिवाय चालू इंजिनाचा धूर आत कोंडण्याचा धोका. दाराच्या कप्प्यात टूथब्रश, पाण्याची बाटली, मागच्या सीटवर घडी घातलेला उद्याचा शर्ट. पहाटे उठून सार्वजनिक शौचालय शोधायचं, तिथे पैसे देऊन आंघोळ उरकायची आणि साडेसातला गाडी पुसून हॉटेलच्या दारात उभं राहायचं. ‘झोप झाली का दादा?’ असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘झाली की साहेब.’

तीन-चारशे रुपयांच्या भत्त्यात जेवण-चहा भागतो. मुंबईत खाट मिळत नाही.

कायद्याला ही गोष्ट सुचली नव्हती असं नाही. 1961च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आणि रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतीच्या खोलीची जबाबदारी मालकावर टाकली. पण 2025 पर्यंत लागू असलेला तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांचा होता. आपण भाड्याने घेतो ती गाडी बहुतेक वेळा एखाद्या एकट्या मालकाची असते, आणि कधी कधी तो मालकच ड्रायव्हर असतो. तामिळनाडूने 2023 मध्ये वेगळी वाट धरली. बांधकामाच्या नियमांतच बदल करून हॉटेल आणि लॉजवाल्यांनी पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी झोपण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय करावी, अशी तरतूद तिथे केली गेली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. गाडीसाठी जागा सोडायचे नियम जुनेच आहेत. गाडी चालवत आणणाऱ्यासाठीही नकाशातच जागा धरायची, हे तिथे कुणाच्या तरी मनात आलं. महाराष्ट्रानेही हे करावं.

कुणी कुठे पाठ टेकावी, हा प्रश्न महाराष्ट्राने फार कठोर रूपात पाहिला आहे. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना धर्मशाळांतून थारा नव्हता. गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि 1949 साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दादरला गाडगेबाबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आज टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. त्या वारकऱ्यांचं दुःख आणि ड्रायव्हरची गैरसोय मी एका पारड्यात घालत नाही. ते दुःख फार खोल होतं. पण परगावी आलेल्या माणसाला रात्री छप्पर मिळालं पाहिजे, ही बाबांची तळमळ आपल्या अंगात थोडी तरी उतरायला हवी.

काही जण म्हणतील, अर्धवट झोपलेला ड्रायव्हर एक्स्प्रेसवेवर डुलकी घेईल, म्हणून तरी त्याची सोय करा. ते खरंच आहे. कोल्हापूरचा परतीचा रस्ता पावणेचारशे किलोमीटरच्या वर आहे आणि मागच्या सीटवर आपलीच मुलं असतात. तरीही त्याची झोप आपल्या सुरक्षिततेपुरतीच महत्त्वाची ठरावी, हे मला पटत नाही. दिवसभर गाडी हाकून तोही दमतो, एवढं कारण पुरे आहे.

मग गाडीच नको, असाही मार्ग आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने यावं, मुंबईत लोकल आणि बेस्टने फिरावं. ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड मेट्रोही सलग धावते. पण सुट्टीचे दोन महिने हीच ड्रायव्हरची कमाई असते. त्याचा रोजगार टाळून त्याच्या झोपेचा प्रश्न सुटत नाही. म्हातारं माणूस बरोबर असेल तर गाडी लागतेच. तेव्हा गाडी घ्यावी आणि खाटेचे पैसे खर्चात धरावेत. दोन खोल्यांना रात्रीचे सात-आठ हजार मोजणाऱ्या घराला डॉर्मिटरीतली एक खाट जड नाही. ती जड वाटत असेल तर थोडं साधं हॉटेल बघावं. स्विमिंग पूल नसला तरी मुलं चौपाटीवर खूश असतात. मात्र हे पैसे रोख त्याच्या हातात ठेवू नयेत. तो ते घरी पाठवील, मुलाच्या फीला लावील आणि पुन्हा गाडीतच झोपेल. खाट आपणच आपल्या खोल्यांबरोबर बुक करावी आणि निघायच्या आधीच त्याला तसं सांगावं.

रिसेप्शनवरून बहुधा उत्तर येईल, ‘आमच्याकडे ड्रायव्हर गाडीतच झोपतात.’ गिऱ्हाईक विचारतच नाही, म्हणून हे उत्तर इतक्या सहज येतं. यंदा हॉटेलला फोन कराल तेव्हा नाश्त्याच्या आधी ड्रायव्हरच्या झोपण्याचं आणि आंघोळीचं विचारा. जवळपास कुठेही सोय नाही म्हणाले, तर दुसऱ्या हॉटेलचा नंबर लावा.