आधी आकडा, मग आभार

चि. भाचेबुवांस,


तुझं पत्र आणि सोबत जोडलेला सगळा पत्रव्यवहार वाचला. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा कमोडोर ६४ संगणक घरात आणलास, ताईने कपाळाला हात लावला असेल. पण छंद चांगला आहे. फक्त मशीन दुरुस्त होण्याआधीच तू दोन-तीन देशांतल्या लोकांशी रुसून बसलास, हे काही पटलं नाही.

त्या जर्मन गृहस्थांचंच घे. ‘तुमचं मोजमाप चूक आहे. पुन्हा मोजा,’ एवढंच त्यांनी लिहिलं आणि तुला तो अपमान वाटला. अरे, त्यांच्याकडे चुकीला चूक म्हणतात आणि पुढच्या ओळीत मदतही करतात. पुढची ओळ तू रागाच्या भरात नीट वाचलीच नाहीस. पॉवर सप्लायची कोणती दोन टोकं धरून मोजायचं, ते त्यांनी आकृती काढून दाखवलंय. अनोळखी माणसासाठी एवढं कोण करतं?

उलट त्या इंग्रज आजोबांचं पत्र तुला फार गोड वाटलं. ‘जमल्यास पॉवर सप्लाय एकदा पाहून घ्यायला हरकत नसावी,’ असं त्यांनी लिहिलं आणि तू ते ‘सवडीने बघू’ म्हणून ठेवून दिलंस. बाबा रे, इंग्रज माणूस हरकत नसावी म्हणतो तेव्हा पाण्यात पडलेल्याला दोर टाकत असतो. कमोडोर ६४ चा जुना सप्लाय दोन प्रकारची वीज देतो, ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. आतला रेग्युलेटर म्हातारा होऊन बिघडला की ५ चे व्होल्ट वर चढतात आणि पहिला बळी मेमरीच्या चिपांचा जातो. जर्मनाने दरडावून आणि इंग्रजाने आर्जवाने तुला एकच गोष्ट सांगितली होती.

आता तुझं पत्र. ‘सर, आय हॅव अ डाउट. मशीन नॉट वर्किंग. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट.’ आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत हा अर्ज बिनतक्रार खपेल. पण बाहेरच्या माणसाला तुझा ‘डाउट’ म्हणजे त्याच्यावरचा अविश्वास वाटतो, आणि संगणकात मुरलेल्याला ‘रिव्हर्ट’ म्हणजे केलेला बदल मागे घेणं. कोणता बदल मागे घ्यायचा, हे तो बिचारा शोधत बसला असेल. ‘चिप इज गॉन’ हेही तसंच. आपली चिप उडते, पण वाचणाऱ्याला वाटतं, चिप हरवलीच. शिवाय समोरचा पोलंडचा किंवा ब्राझीलचा असला तर तुझं इंग्रजी तो भाषांतरयंत्रात घालून वाचत असेल. छोटी वाक्यं लिही. मशीन लावलं, लाल दिवा लागला, पडदा काळाच राहिला, अमुक टोकावर इतके व्होल्ट आले. अदब दाखवायची ती इथे दाखव. ‘रिस्पेक्टेड सर’ नसलं तरी चालेल, आकडा नसला तर नाही चालणार.

आकड्यांचीही गंमत आहे. जर्मन लोक दशांश स्वल्पविरामाने लिहितात. त्यांनी ‘५,१२ व्होल्ट’ लिहिलं आणि तू ५ आणि १२ असे दोन वेगवेगळे व्होल्ट समजून प्लगमध्ये १२ शोधत बसलास! हजारांच्या जागी ते टिंब देतात, म्हणजे त्यांचा २.२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आपल्या लेखी २,२०० चा. तू आपलं सरळ २२०० लिहीत जा, मध्ये टिंब नको आणि स्वल्पविरामही नको. चिपेवरचा मजकूर जसा छापलाय तसा ओळीन्‌ओळ उतरवून पाठव, स्वतः अर्थ लावू नकोस. एखाद्या चिपेवर ८४२३ असलं तर ती १९८४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेली. मॉस कंपनीच्या बऱ्याच चिपांवर हेच उलटं, आठवडा आधी आणि वर्ष नंतर असतं. आणि ‘६४के मेमरी चिप हवी’ एवढंच लिहू नकोस. ४१६४ या चिपेत ६४ किलोबिट मावतात. तुझ्या मशीनची ६४ किलोबाइट मेमरी भरायला अशा आठ लागतात. नग किती आणि क्रमांक काय, दोन्ही लिही.

स्लोव्हाकियातल्या माणसाचा किस्सा वाचून मात्र मी मोठ्याने हसलो. त्याच्या डिडाक्टिक गामा संगणकाबद्दल तू विचारलंस, ‘इज इट डुप्लिकेट?’ त्याने उत्तर दिलं, ‘नाही, माझ्याकडे एकच आहे.’ तुला नकली म्हणायचं होतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही, ही देवाची कृपा. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली ब्रिटनमध्ये निघाला. पूर्व युरोपात तो विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून तिकडे तसलीच मशीनं तिथेच तयार झाली. स्लोव्हाकियात डिडाक्टिक, सोव्हिएत संघात पेंटागॉन, आणि तिकडे ब्राझीलमध्ये टीके९०एक्स. अनेकांनी पहिला प्रोग्रॅम त्यांच्यावरच लिहिला. आपल्याकडेही डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम परवान्यावर बनत होताच. त्याला कोणी नकली म्हटलं तर तुला कसं वाटेल? यंत्राला त्याच्या नावाने हाक मार, म्हणजे प्रश्नच मिटला.

विकणाऱ्यांची भाषा वेगळीच असते. ‘अनटेस्टेड’ लिहिलेलं दिसलं की बंद पडलेलं आहे असं धरून भाव कर. आणि तू स्वतः काही विकशील तेव्हा ‘चालू’ या शब्दावर थांबू नकोस. कीबोर्डची कोणती कळ दाबली जात नाही, कॅसेट लोड होते का, आवाज येतो का, ते लिही. सगळं तपासलं नसेल तर तसंही लिही, त्यात कमीपणा नाही.

त्या जर्मन गृहस्थांना आजच उत्तर पाठव. दिलगिरीचं पान भरू नकोस, आभाराची एक ओळ पुरे. त्याआधी सप्लायचा प्लग मशीनपासून वेगळा ठेवून ५ व्होल्टची बाजू मीटरने मोज आणि आलेला आकडा दशांशासकट त्यांना आणि इंग्रज आजोबांना, दोघांनाही कळव. सव्वापाचच्या वर गेला तर तो सप्लाय सरळ बाजूला काढ आणि नवा घे, पैसे मी देतो. दोघांचं उत्तर येईपर्यंत मशीन चालू करू नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा