टोमॅटोचे रोप व मधुमालती

भाषांतर करणाऱ्यास मोठे शब्द फारसे अडवीत नाहीत. अडवितात ते लहान शब्द. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील पस्तिसाव्या आणि अठराव्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकाचा पूर्वार्ध अक्षरशः एकच आहे. भगवंतांनी जे वाक्य दोनदा उच्चारिले, ते सहज उच्चारिले नसावे. त्यात स्वधर्मास दोन विशेषणे लाविली आहेत : एक ‘श्रेयान्’, दुसरे ‘विगुण’. विगुण म्हणजे गुण नसलेला, उणा. ‘उणा असला तरी आपलाच धर्म बरा’ असा अर्थ करून आपण मोकळे होतो. परंतु मूळ श्लोकात ‘तरी’ हा शब्दच नाही. अर्थ सुलभ व्हावा म्हणून तो भाष्यकारांनी घातला आहे. आणि ‘श्रेयान्’ हे तर तुलनेचे रूप. दोहोंमधून एक अधिक प्रशस्त ठरवावयाचे असेल तेव्हा हा प्रत्यय लागतो, असे पाणिनीने सांगून ठेविले आहे. म्हणजे ‘दुसऱ्याशी तुलना करू नये’ हे सांगण्यासाठी जो श्लोक आपण पुढे करितो, त्यात भगवंत स्वतःच तुलना करीत आहेत! ती कशाची कशाशी?

हा प्रश्न मनात घेऊनच गेल्या शारदीय नवरात्रात मी गुरुग्राम येथे एका मराठी कुटुंबाकडे चार दिवस उतरलो होतो. दिल्लीस लागून असलेले हे नगर पूर्वी गुडगाव म्हणून ओळखले जाई. २०१६ साली हरियाणा सरकारने त्यास गुरुग्राम हे नाव दिले. धर्मराजाने हे गाव द्रोणाचार्यांस दिले अशी तेथील परंपरा आहे. आता तेथे काचेच्या उंच इमारती आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. त्यांपैकीच एका कंपनीत यजमान मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्या मातोश्री, ज्यांस मी काकू म्हणतो, मूळच्या निपाणीच्या. त्या दिवसांत त्यांचे थोरले चिरंजीवही तेथे आले होते. निपाणीस वडिलांनी घातलेले वह्यापुस्तकांचे लहानसे दुकान तेच चालवितात, आणि वडील अंथरुणास खिळून होते ती तीन वर्षे त्यांनीच काढली.

घर तळमजल्याचे; पुढे हातभर अंगण. फाटकावर मधुमालतीची सहा वर्षांची वेल चढलेली. तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. सायंकाळी कळी उमलते ती पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, पुढे लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग एके वेळी दिसतात, आणि दिवेलागणीस सुगंध रस्त्यापर्यंत जातो. (आमच्या काव्यांतील माधवी ती हीच, असे पुष्कळांस वाटते. ती वेल निराळी.) भिंतीशी एका कुंडीत टोमॅटोचे रोप. थोरल्या चिरंजीवांनी गावाकडून बी पाठविले होते, त्याचे.

काकू म्हणाल्या, “बघा की शास्त्रीबुवा, दीड महिना झाला लावून, अजून वीतभरच. आणि ही मधुमालती बघा, फाटक दिसेनासं केलंय हिनं.” आणि मग हसत, अगदी सहज : “आमच्या दोघांचंही असंच झालं.”

थोरले चिरंजीव झारी घेऊन तेथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी रोपास पाणी घातले, मग वेलीसही घातले.

त्या रात्री जेवणानंतर त्यांनी मला बाजूस घेऊन सांगितले की, निपाणीचे दुकान विकावयाचे ठरविले आहे. धाकट्या भावाच्या ओळखीने गुरुग्राम येथेच घरे विकण्याच्या व्यवसायात भागीदारी मिळत आहे. कागद तयार आहेत, सही तेवढी राहिली आहे. मी विचारिले, “तुम्हांस हे काम आवडते काय?” ते म्हणाले, “आवडायचा प्रश्न नाही हो. त्रेचाळीस वर्षं झाली. एकदा तरी आईनं म्हणावं, की…” पुढचे शब्द त्यांनी गिळले.

वाचकहो, आपल्यापैकी किती घरांत असे वाक्य रोज बोलले जाते! बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. काकूंच्याही नव्हता, थोरल्याच्या ताटात तूप अधिक पडेल याकडे त्यांचे लक्ष असे. तथापि एका गृहस्थाचे दुकान त्या वाक्याने विकावयास निघाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात बसलो. पंडिताने टोमॅटोविषयी लिहावे याचे काही वाचकांस हसू येईल. माझ्या आजोळी श्राद्धाच्या स्वयंपाकात तो चालत नसे; तो परदेशचा, अमेरिका खंडातून युरोपीय लोकांबरोबर इकडे आलेला. आहे मात्र आमच्या वांग्याच्याच कुळातला, म्हणून जुनी माणसे त्यास बेलवांगी म्हणत. त्याचे फूल लहान, पिवळे, खाली मान घातलेले. ते कोणी माळीत नाही. वाऱ्याने वा भुंग्याच्या गुंजारवाने ते हलले की आतला पराग आतच पडतो व फळ धरते. रात्र फार उष्ण असली तर फूल गळते, हिमकण पडले तर झाड मरते. एका हंगामात त्याचे सारे आयुष्य. वेलीचे काम अगदी निराळे : सावली द्यावी, सुगंध द्यावा, वर्षानुवर्षे चढत राहावे. बागेतल्या मधुमालतीस फळ क्वचितच धरते. त्यासाठी तिला कोणी दोष देत नाही. सहा वर्षांच्या वेलीशेजारी सहा आठवड्यांचे रोप ठेवून उंची मोजावयाची, ही मोजणीच खोटी. पण त्याहून मोठी चूक निराळीच आहे, आणि ती त्या पहाटे माझ्या ध्यानात आली.

श्लोकातील तुलना एका माणसाची दुसऱ्या माणसाशी नाहीच. तुळणारा एक, आणि पारड्यांतील दोन्ही वस्तू त्याच्याच : त्याचा स्वतःचा धर्म, आणि त्याने उचललेला परक्याचा धर्म. रोपाची वेलीशी तुलना भगवंत करीत नाहीत. रोपपणे वाढणारे रोप आणि वेल होऊ पाहणारे रोप, या दोहोंत कोणते श्रेयस्कर, एवढेच ते सांगतात. मग ‘विगुण’ हा शब्दही उलगडतो. टोमॅटोचा धर्म उणा केव्हा दिसतो? फाटकाच्या मापाने मोजला तर. तो उणेपणा रोपात नसून मापात आहे. अठराव्या अध्यायातील पुढचाच श्लोक सांगतो की, अग्नीस जसा धूर, तसा प्रत्येक कर्मास काही ना काही दोष वेढून असतोच. वेलीच्या कर्मासही तो आहे. आपणांस तो दुरून दिसत नाही, इतकेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘आपापल्या जागी राहा’ असे दुसऱ्यास बजावण्यासाठी हा श्लोक आजवर पुष्कळांनी वापरला. ते मला मान्य नाही. तो एका मित्राने मित्रास, त्याने शरण येऊन विचारिल्यावर सांगितला आहे. तो स्वतःस विचारण्याचा आहे; दुसऱ्याच्या माथी मारण्याचा नव्हे.

आणि हे गुरुग्रामात बसून विसरता येत नाही. त्याच नगरात खांडसा नावाचे गाव आहे. तेथे एकलव्याचे लहानसे मंदिर असून, त्याने कापलेला अंगठा तेथे पुरला अशी लोकांची श्रद्धा आहे. कथा सर्वांस ठाऊक आहे. ‘तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होऊ देणार नाही’ असे वचन द्रोणांनी अर्जुनास दिले होते. निषादराजाचा पुत्र मातीच्या मूर्तीपुढे शिकून पुढे गेला, अर्जुनाने वचनाची आठवण दिली, आणि अंगठा गेला. ही कथा सांगताना मला आजही संकोच वाटतो, आणि द्रोणांचे समर्थन मी करीत नाही. परंतु आदिपर्वात त्यानंतर व्यास एक शब्द घालतात, तो पाहा : अर्जुन ‘विगतज्वर’ झाला. त्याचा ताप उतरला. तुलनेस व्यासांनी ज्वर म्हटले आहे! आणि पुढे कुरुक्षेत्रावर, तिसऱ्या अध्यायाच्या तिसाव्या श्लोकात, त्याच अर्जुनास भगवंत त्याच शब्दाने सांगतात : सर्व कर्मे मला अर्पून, विगतज्वर होऊन लढ. आपला श्लोक तेथून अवघा पाच श्लोकांवर आहे. पहिल्या वेळी अर्जुनाचा ताप उतरला तो दुसऱ्याचा अंगठा गेल्यामुळे. तो खरा उतरला असता, तर भगवंतांस पुन्हा सांगावे लागले नसते.

हे सारे मी थोरल्या चिरंजीवांस सांगितले. ‘दुकान विकू नका’ असे मात्र सांगितले नाही. तो अधिकार माझा नव्हे. एवढेच म्हणालो, “सही करण्यापूर्वी एक विचारा. धाकटे बंधू नसतेच, तर हे काम तुम्ही केले असते काय?” ते बराच वेळ फाटकाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ते निपाणीस गेले.

माघात काकूंचा दूरध्वनी आला. आवाजात आनंद मावत नव्हता. थंडीने मधुमालतीची पाने झडून नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि टोमॅटो लाल घोसांनी वाकला होता. कडाक्याच्या रात्री त्या स्वतः त्यावर जुने लुगडे टाकीत होत्या. “जिंकलं हो शास्त्रीबुवा आमचं रोप! वेलीची पार जिरली बघा.”

खरे सांगतो, आश्विनातल्या वाक्यापेक्षा हे वाक्य मला अधिक लागले. तराजू तोच, पारडी तेवढी बदलली. मी म्हणालो, “काकू, वेल चैत्रात पुन्हा फुटेल, आणि वैशाखात रोप वाळेल. तेव्हा पुन्हा कोणास हरविणार?” पलीकडे शांतता झाली. मग त्यांनी हळूच विचारिले, “त्या दिवशी थोरला तिथंच होता ना हो?”

“होता,” मी म्हणालो.

त्यांनी दूरध्वनी ठेविला. चार दिवसांनी त्या निपाणीस गेल्याचे कळले. मायलेकांत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारिलेही नाही. कागदावर सही अद्याप झालेली नाही. होणार नाही असेही चिरंजीवांनी म्हटलेले नाही. काकू दुपारी दुकानात बसतात, तेवढा वेळ ते घरी जेवून येतात. माझ्या हस्तलिखितात त्या श्लोकाच्या अनुवादातील ‘तरी’ हा शब्द मी खोडला आहे. त्या जागी काय घालावे याचा विचार चालू आहे.