नाव काय त्याचं?

गेल्या महिन्यात मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार घेऊन गेलो. गेटवर नवा वॉचमन आला होता आणि अठरा वर्षं त्याच गेटातून ये-जा करणाऱ्या मला तो रोज संध्याकाळी अडवून वहीत लिहायला लावत होता. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही. चौथ्या दिवशी मी चिडून नावाच्या रकान्यात 'कालचाच' असं लिहिलं. तेही त्याने निमूट चालवून घेतलं, तेव्हा तर माझा पारा आणखीच चढला. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन उघडत विचारलं, "दिवसाचा की रात्रीचा? नाव काय त्याचं?"

मला सांगता येईना. माझं नाव त्याच्या वहीत तीन वेळा होतं, त्याचं माझ्याकडे एकदाही नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "नावाशिवाय तक्रार कशी लिहून घेऊ?" आणि पेन मिटलं.

जिना चढताना मला हसू आलं, ते एका जुन्या ब्रिटिश मालिकेची आठवण होऊन. 'डॅड्स आर्मी' माहीत नसलेल्यांसाठी एवढंच सांगतो: दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतील या भीतीने जी 'होम गार्ड' नावाची स्वयंसेवकांची फौज उभी राहिली, तिच्यातल्या एका काल्पनिक गावच्या तुकडीची ही गोष्ट. बीबीसीवर ती १९६८ ते १९७७ चालली. बँकेचा मॅनेजर मेनवेअरिंग तुकडीचा कॅप्टन, त्याचाच हेडक्लार्क विल्सन सार्जंट, गावचा खाटीक जोन्स कॉर्पोरल, आणि बँकेतला पोरसवदा कारकून पाइक हा साधा शिपाई.

३१ ऑक्टोबर १९७३ रोजी दाखवलेल्या भागात या मंडळींवर एका जर्मन पाणबुडीचा कप्तान आणि त्याचे सात खलाशी सांभाळायची वेळ येते. लष्कराचा पहारा यायला उशीर होतो, म्हणून रात्रभर कैदी चर्चच्या हॉलमध्ये ठेवावे लागतात. मेनवेअरिंग हिटलरची टर उडवतो. कप्तान थंडपणे सांगतो की मी नोंद ठेवतो आहे, युद्ध जिंकलो की यादीतल्या प्रत्येकाला जाब द्यावा लागेल. एवढ्यात पाइक हिटलरवरचं एक टवाळ गाणं म्हणू लागतो. कप्तान म्हणतो, तुझंही नाव यादीत जाणार, काय नाव तुझं? त्यावर मेनवेअरिंग घाईघाईने ओरडतो, की सांगू नकोस त्याला, पाइक!

ब्रिटिश टीव्हीवरच्या सर्वांत गाजलेल्या विनोदांत याची गणना होते. मीही तो कित्येकदा पाहिला आहे आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे, असं मी समजत होतो. मेनवेअरिंग हौशी आहे, धंदेवाईक नाही, आणि हौशी माणसाला गुपित ठेवता येत नाही कारण त्याच्याकडे मुळात गुपित नसतंच. या एका भेदावर मी वर्गात कित्येक तास काढले आहेत.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त कर्नल राहतात. त्या संध्याकाळी मी त्यांना हा भाग लॅपटॉपवर दाखवला. ते एकदाही हसले नाहीत. "अहो, झडती नाही, कैद्यापासून अंतर नाही, उलट त्याच्याशी वाद घालताहेत! आणि वर त्याच्यासाठी मासे आणि बटाट्याचे काप मागवताहेत!" कप्तान ते काप मऊ पडलेले चालणार नाहीत असंही बजावतो, हे कर्नलसाहेबांना सर्वांत जास्त झोंबलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या देशाने खरोखरीचं युद्ध लढलं, त्याने आपल्याच माणसांना असं बावळट दाखवू नये.

मी म्हटलं, ही थट्टा बाहेरच्याने केलेली नाही. मालिकेच्या दोन लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः कोवळ्या वयात होम गार्डमध्ये होता, आणि आईच्या काळजीखाली दबलेला पाइक हे त्याचं स्वतःचंच चित्र. तुकडीतल्या फ्रेझरचं काम करणारा जॉन लॉरी पहिल्या महायुद्धात लढून दुसऱ्यात होम गार्डमध्ये गेलेला. आणि सतत लघवीला जायची परवानगी मागणाऱ्या म्हाताऱ्या गॉडफ्रेचं काम करणारा अर्नोल्ड रिडली तर सोमच्या लढाईत संगिनीने जबर जखमी झालेला. कर्नलसाहेब यावर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तरी झडती घ्यायला हवी होती."

आपल्याकडे जत्रेला जाणाऱ्यांची वर्गवारी फार पूर्वी होऊन गेली आहे: हौशे, नवशे आणि गवशे. १४ मे १९४० च्या संध्याकाळी ब्रिटनचा युद्धमंत्री अँथनी ईडनने रेडिओवरून या स्वयंसेवक फौजेसाठी १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना हाक दिली, आणि जुलै संपेपर्यंत दहा लाखांहून जास्त लोक नाव नोंदवून मोकळे झाले. त्यांत हे तिन्ही असणारच. मेनवेअरिंग हौशा. जुन्या मोहिमांच्या आठवणींवर जगणारा जोन्स नवशा, त्याला कधीचं काही तरी फेडायचं आहे. युद्धाच्या टंचाईत काळ्या बाजारातला माल फिरवणारा वॉकर गवशा. रायफली पुरेनात म्हणून १९४१ मध्ये या फौजेसाठी लोखंडी नळीला संगीन जोडलेले भाले बनवून घेतले गेले, आणि लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. त्या भाल्याला इंग्रजीत म्हणतात पाइक. मराठी कानाला मात्र पाइक म्हणजे पायदळाचा शिपाई, ज्याच्यावर तुकोबांनी अभंग रचले तो धन्याचा इमानी सेवक. निव्वळ योगायोग, पण त्या बावळ्या पोराला आमच्या भाषेत एकदम बढती मिळते, याचा मला उगाच आनंद होतो.

कर्नलसाहेब दुसऱ्या दिवशी तयारी करून आले. "धंदेवाईक पहारा कसा असतो ते सांगतो. ट्रेंट पार्क." लंडनच्या उत्तरेला असलेल्या या वाड्यात ब्रिटिशांनी पकडलेले जर्मन सेनापती ठेवले होते. चांगलं जेवण, बाग, गप्पा मारायला मोकळीक. भिंतींत मात्र मायक्रोफोन, आणि दुसऱ्या टोकाला कान लावून बसलेले लोक, ज्यांत जर्मनीतून परागंदा झालेले ज्यूही होते. सेनापतींच्या दिमतीला एक लॉर्ड दिला होता. तो मुळात गुप्तहेर खात्यातला अधिकारी, आणि त्याचं नावही खोटं, पदवीही खोटी. "नाव सांगितलं नाही, नाव विचारलं नाही, आणि सगळं काढून घेतलं," कर्नलसाहेब म्हणाले. "याला म्हणतात पहारा."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्याला हात न लावता भलतीच गोष्ट सांगितली. १० मे १९४१ च्या रात्री नाझी पक्षातला हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस एकट्याने विमान चालवत आला आणि स्कॉटलंडमध्ये ईगल्सहॅमजवळच्या एका शेतात पॅराशूटने उतरला. त्याला पहिल्यांदा ताब्यात घेतलं ते डेव्हिड मॅक्लीन या नांगऱ्याने. घरी नेलं, त्याच्या आईने चहा विचारला, हेसने पाणी मागितलं. मग होम गार्डची माणसं आली. त्या रात्री तो आपलं नाव आल्फ्रेड हॉर्न सांगत होता. म्हणजे तिसऱ्या राइशमधल्या सर्वांत मोठ्या कैद्यांपैकी एकाचा पहिला पहारा हौशी लोकांनीच दिला, आणि तो काही पळून गेला नाही. "पळायला आलाच नव्हता तो," कर्नलसाहेब म्हणाले. हेही खरं होतं.

ते गेल्यावर मी युद्धकैद्यांविषयीचा १९२९ चा जिनिव्हा करार काढून बसलो. लढाईत नाही, पण कागदांत आम्ही मास्तर लोक बरे. या करारानुसार कैद्याने सांगायची सक्ती असलेली गोष्ट एकच: आपलं खरं नाव आणि हुद्दा, किंवा आपला क्रमांक. चर्चच्या हॉलमध्ये मात्र नाव विचारतो कैदी आणि देऊन टाकतो पहारेकरी. विनोदाचा खरा खिळा इथे आहे. मेनवेअरिंगच्या घाईने तो फक्त ठोकला जातो. पुढे वाचलं. कैद्यांना पकडणाऱ्या सैन्याच्या राखीव तळावरच्या शिपायांइतकंच आणि तशाच दर्जाचं अन्न द्यावं. म्हणजे मासे आणि काप अगदीच गैर नव्हते. आणि कैद्यांना मारहाणीपासून, अपमानापासून आणि बघ्यांच्या कुतूहलापासून जपावं. अपमानापासून! म्हणजे पाइकचं गाणं कायद्याच्या अंगाने बघता चुकलंच. इतकंच नव्हे, गैरवागणुकीबद्दल तक्रार करायचा हक्कही त्याच करारात कैद्याला आहे.

आणि तक्रार करायची तर नाव लागतं. सेक्रेटरींचं मिटलेलं पेन मला तेव्हा पुन्हा दिसलं.

माझ्या लाडक्या भेदाला इथेच पहिली चीर गेली. इतकी वर्षं मी हौशी माणसाची बाजू घेत आलो, कारण तो मनाने साधा असतो, त्याच्या हातून फार तर गोंधळ होतो, क्रौर्य होत नाही, असं मला वाटे. पण हा भाग दाखवला गेला त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑगस्ट १९७१ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी तळघरात एक खोटा तुरुंग उभारला होता. पहारेकरी आणि कैदी दोघेही तरुण विद्यार्थी, म्हणजे शुद्ध हौशी. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, इतका छळ सुरू झाला. पहारेकऱ्यांना कडक वागायची फूस आधीच दिली होती, असं पुढे उघडकीस आलं आणि प्रयोगाची प्रतिष्ठा गेली. ते मान्य. पण मांडणी बघण्यासारखी आहे. कैद्यांना नावांऐवजी आकडे दिले. पहारेकऱ्यांना एकसारखे गणवेश आणि डोळे दिसू नयेत असे आरशाचे चष्मे. कोणालाच नाव नाही. हौस कितीही निर्मळ असली तरी अशा खोलीत ती किती वेळ तशी राहील?

मग मेनवेअरिंगची माणसं का बिघडत नाहीत? ती हौशी आहेत म्हणून नव्हे. ती एकमेकांना आणि गाव त्यांना नावाने ओळखतं म्हणून. सकाळ झाली की जोन्सला याच बायकांना मटण तोलून द्यायचं आहे, मेनवेअरिंगला याच लोकांच्या ठेवी सांभाळायच्या आहेत. भागाचा शेवट आठवा. कप्तान डाव उलटवतो आणि पळून जाताना कुणी अडवू नये म्हणून एक हातबॉम्ब जोन्सच्या पँटमध्ये खोचतो. (मूळ संहितेत तो मेनवेअरिंगच्या पँटमध्ये जायचा होता, काम करणाऱ्या आर्थर लोने साफ नकार दिला. कॅप्टनची अब्रू पात्राइतकीच नटालाही प्यारी होती.) सगळे वाचतात ते कुणाच्या शौर्याने नाही. मेनवेअरिंगने बॉम्ब भरून ठेवायचा हुकूम दिला होता आणि विल्सनने गुपचूप खोटे डिटोनेटर बसवले होते. कर्नलसाहेबांच्या मते ही आज्ञाभंगाची केस आहे. असेल. पण आपल्या माणसांना नावानिशी ओळखणारा हेडक्लार्क दुसरं काय करणार?

या वाटेने मी जिथे पोचलो, तिथे मला मुळीच जायचं नव्हतं. पहारेकऱ्याचं नाव कैद्याला कळलं, ही आपत्ती आहे असं समजून आपण हसतो. मला आता वाटतं, ते कळायलाच हवं. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने नाव लपवलं, तर किल्लीचा जाब विचारायचा कोणाला? ट्रेंट पार्कचा लॉर्ड हुशार होता, त्याच्या हुशारीने माणसं वाचलीही असतील. पण जगातल्या प्रत्येक कोठडीवर खोट्या नावाचा लॉर्ड बसवायचा विचार मनात आणून बघा. मेनवेअरिंगने, नेहमीप्रमाणे चुकून, याच्या बरोबर उलट केलं: नाव सांगून टाकलं.

अडचण एकच. हा हक्क मी ज्याच्या बाजूने मांडतो आहे तो पाणबुडीचा कप्तान आहे, आणि त्याची यादी सूडाची आहे. तक्रार आणि यादी यांत फरक आहे, आणि तो नावांत नाही: दोन्हीकडे नावं तीच असतात. तक्रार करणारा आपल्याहून वरच्या कोणाला तरी दाद मागतो. यादी ठेवणारा आपण स्वतः वर जायची वाट बघतो. पण यादीच्या भीतीने तक्रारीचा कागदच काढून घेतला, तर त्याचा फायदा बहुतेक वेळा किल्लीवाल्यालाच होतो. कर्नलसाहेबांना हे पटलेलं नाही. "आधी झडती," ते म्हणतात, "मग नावं."

मग एका संध्याकाळी गेटवर वही पुढे आली तेव्हा मी वॉचमनला म्हटलं, "आणि तुमचं नाव काय हो?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या शर्टावर एजन्सीचं नाव शिवलेलं होतं, त्याचं स्वतःचं कुठे नव्हतं. "का साहेब? कंप्लेंट करायची आहे का?"

मी नाही म्हटलं. केलेली तक्रार नावाअभावी लिहिलीच गेली नव्हती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं.

"मग आधी सही करा," तो म्हणाला, "नाव सांगतो."

मी पूर्ण नाव लिहून सही केली. तेवढ्यात मागून एका गाडीने हॉर्न दिला आणि तो गेट उघडायला धावला.