सावजीच्या ताटाशी शिराझ नको

महाल, नागपूर

चि. बाळूस,


नाशिकच्या वायनरीत लागलास, आनंद झाला. मे महिन्यात येताना शिराझ आणतोस आणि सावजी मटणासोबत घेऊ म्हणतोस. बाटली जरूर आण, पण सावजीच्या ताटाशी ती उघडायची नाही.

मसाल्यात मिरी, वाइनमध्येही मिरी, म्हणून जोडी जमेल असं तुला वाटलं असणार. तो वास मिरीचाच आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली शिराझमधलं रोटंडोन हे वासाचं संयुग ओळखलं; काळ्या मिरीतही तेच असतं. साधारण पाचांतल्या एकाला ते जाणवतच नाही. वायनरीत एखादा पाहुणा 'मला नाही येत मिरी' म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नकोस.

पण वास जुळला म्हणून जेवण जुळत नाही. सावजीचं तिखट आणि चौदा टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, वर टॅनिनचा तुरटपणा. दोन घोटांत जीभ बधिर होते. मग जांभूळ, आलुबुखारा, लवंग, ओकच्या पिंपातून आलेला धुरकट वास, सगळं वाया! एप्रिलात खरड छाटणी, पुढे गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. शेतकऱ्याचं वर्ष त्या बाटलीत असतं. नाशिकच्या थंड रात्रींनी द्राक्षात राखलेला आंबटपणा जिभेला कळायला हवा.

बाटली उघडू त्या दिवशी तुझी मामी निखाऱ्यावर वांगी भाजून कमी तिखटाचं भरीत करेल आणि मटण नुसतं मीठ-मिरी लावून भाजू. मटणाच्या चरबीने तुरटपणा मऊ होतो. सावजी दुसऱ्या दिवशी, पाण्याच्या तांब्यासोबत.

आणखी एक. शिराझचं द्राक्ष इराणच्या शिराझ शहरातून आलं, ही गोष्ट पाहुण्यांना सांगू नकोस. डीएनए तपासणीत ते आग्नेय फ्रान्समधल्या दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश या जातींचं अपत्य ठरलं आहे. गोष्ट गोड असली तरी खोटी सांगून विकू नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसला जातो. बाटली गाडीच्या डिकीत तापू देऊ नकोस. आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेव आणि सोळा-अठरा अंशांवर वाढ. गरम शिराझमधून नुसतं अल्कोहोल नाकात जातं. एका बाटलीचे पाच ग्लास होतात, आपण चौघं आहोत, तेवढी पुरे. दुसरी आणू नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा