एक दाणा गेला म्हणून…



चवथीची साफसफाई काढली आणि माळ्यावर जुना लॅपटॉप सापडला. १९९६ साली दीर मस्कतहून आले तेव्हा आणलेला. तेव्हा अख्खा वाडा बघायला जमला होता. आता बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. आम्ही म्हटलं, भंगारात देऊन टाकू.

शेजारचा मुलगा डिचोलीच्या आयटीआयमध्ये शिकलेला. त्यानं आधी चार्जर, बॅटरी काढली आणि जरा थांबला. "बंद केलं तरी आत थोडी वीज साठून राहते, काकी." मग उघडलं. आत वाटाण्याएवढा एक कपॅसिटर. वीज साठवून ती एकसारखी पुरवायची, हे त्याचं काम. त्यातला द्रव पाझरून बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या. डाग द्यायचं गरम टोक लावताच माशासारखा वास सुटला.

"मशीन मेलेलं नाही, हा एकच दाणा गेलाय. पण असंच पडून राहिलं असतं तर या रेषाही खाल्ल्या गेल्या असत्या."

नवा दाणा त्यानं लगेच बसवला नाही. आधी जागा स्पिरिटनं घासून पुसली. मग तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट कमी नसलेला दाणा घेतला आणि ऋण बाजूची काळी खूण बघून बसवला. उलटा बसला तर नवासुद्धा फुगून जातो. संध्याकाळी पडदा उजळला.

त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. दिरांशी सहा वर्षं बोलणं नाही. वाटणीच्या वेळी आम्हीच बोलून गेलो होतो, "परदेशात मजा केली, आता जमीन आठवली." तेव्हापासून चवथीला ते मूळ घरी येत नाहीत. आम्ही सगळ्यांना सांगत आलो, ते नातं संपलं. खरं तर गेला होता एक शब्द, आणि तोही आमचाच.

सत्संगात आपण सहज म्हणतो, झालं गेलं विसरून जा. पण पाझरलेलं न पुसता वर गोड बोलणं बसवलं, तर खालच्या रेषा झिजतच राहतात. आपली चूक आपल्या तोंडानं सांगणं, हेच ते पुसणं. काही माणसांपासून दूर राहणंच बरं असतं, हेही खरं. पण त्या नावाखाली आपण किती नाती भंगारात काढली?

दुसऱ्या दिवशी फोन केला. लॅपटॉपचं सांगितलं, मग ते वाक्य आमचं चुकलं हेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "वहिनी, बॅटरी चालते काय?" म्हटलं, नाही, वायर लावूनच चालतो.

चवथीला येतील की नाही, ठाऊक नाही. जेवणाची दोन पानं मात्र जास्त धरली आहेत.

या आठवड्याचा संकल्प: घरात बसून विचार करूया, आपल्या कुठल्या नात्यात एकच दाणा गेलाय आणि तो आपला तर नाही ना?

जय गुरुदेव.