पाऊस सर्वांवरच पडतो, मग आम्हांस अधिक तें काय?

नव्यानें विश्वासांत आलेल्या भावास गांवांत एक प्रश्न हटकून विचारण्यांत येतो. पारावर म्हणा, बाजाराच्या वाटेवर म्हणा, कोणी तरी त्यास गांठून म्हणतो, "ख्रिस्ती झालास, तर तुला अधिक काय मिळालें? आमच्या शेतावर पडला तोच पाऊस तुझ्या शेतावर पडला, आणि आमची ज्वारी करपली तशी तुझीही करपली." विचारणाऱ्याच्या मनांत कधीं थट्टा असते, कधीं खरी जिज्ञासा असते. कसेंही असो, प्रश्न खरा आहे. ज्यास त्याचें उत्तर सांपडत नाहीं त्याचा विश्वास पहिल्याच वाईट हंगामांत डळमळूं लागतो, असें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

ह्या प्रश्नास दोन सोपीं उत्तरें देण्याची चाल आहे. एक असें कीं, विश्वास ठेव, म्हणजे पीक दुप्पट येईल व गोठ्यांतलें जनावर मरणार नाहीं. आमच्या उपदेशक बंधूंनीं रागावूं नये. परंतु असें आश्वासन देणें म्हणजे देवानें न लिहिलेली हुंडी त्याच्या नांवावर वटविण्यास पाठविणें होय. पुढें बैल मरतो, आणि बैलाबरोबर त्या बिचाऱ्याचा विश्वासही मरतो. दुसरें उत्तर असें कीं, ह्या संसारांतील सुखाशीं आपला संबंध नाहीं, सर्व आशीर्वाद स्वर्गांत ठेवलेले आहेत. हें ऐकावयास मोठें भक्तीचें वाटतें. पण प्रभूनें शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तींत भाकर मागितली आहे. आमच्या भाषांतरकारांनीं तेथें भाकर हाच शब्द घातला, हे त्यांचे आम्हां खेड्यांतल्या लोकांवर उपकारच म्हणावयाचे. आणि ती भाकर आजची आहे, वर्षाची नव्हे. आमची आहे, माझी एकट्याची नव्हे.

शिवाय, शेजारी जें म्हणतो तें प्रभूनें स्वतःच सांगून ठेविलें आहे. सूर्य आणि पाऊस हे भल्यांवर व दुष्टांवर सारखेच येतात, ही गोष्ट मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत आहे. मग जें सर्वांस मिळतें त्यास आम्हीं आमच्यावरील कृपा कोणत्या तोंडानें म्हणावें?

समजा, दोन घरांच्या ओट्यांवर रोज पहाटे कोणी धान्याची टोपली ठेवून जातो. दोन्ही टोपल्यांतील माप सारखें, दाणाही तोच. एका घरचा मनुष्य टोपली उचलून आंत नेतो. कोणी ठेविली, हा विचार त्याच्या मनास शिवत नाहीं. दुसऱ्या घरच्यास मात्र कळलें आहे कीं, ती आपल्या बापानें ठेविली. आतां त्याचा दाणा अधिक झाला काय? मुळींच नाहीं. परंतु एखाद्या पहाटे ओटा रिकामा दिसला, तर पहिला म्हणेल, संपलें; दुसरा बापाच्या दाराशीं जाऊन हांक मारील. आम्हांस अधिक मिळालें तें एवढेंच, आणि तें थोडें नव्हे.

ओटा रिकामा राहतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. इ. स. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लाखों माणसें दुष्काळी कामांवर खडी फोडीत होतीं आणि सुकडी व परदेशांतून आलेली मिलो ज्वारी खाऊन दिवस काढीत होतीं. त्या रांगेंत ख्रिस्ती मनुष्याची पाटी हलकी नव्हती. त्याच्याही पूर्वीं, इ. स. १८९५ त नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांस प्रथम मिळालें तें पत्नीचा व मुलाचा वियोग. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पांच वर्षांनीं, १९०० सालीं झाला. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं असतील त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांत चमत्कारांपेक्षां घरांतल्या फजित्या, पाहुणे व पैशांची ओढाताण हींच अधिक आहेत. ज्यास देवाचा हात पाहावयाचा त्यानें तो अशाच ठिकाणीं पाहावा, असें आम्हांस वाटतें.

पण पाहणें कठीण जातें. रानांत इस्राएल लोकांस रोज सकाळीं मान्ना मिळे. तरी कांहीं काळानें ते मिसरांतील कांदे, लसूण व काकड्या आठवून रडूं लागले. आम्हीं त्यांस हंसूं नये. वैशाखांत विहिरीस रात्रीं चार घागरी पाझर येतो, पोराचा ताप पहाटे उतरतो, आणि आम्ही त्याच दिवशीं सोसायटीच्या कर्जाचें रडगाणें घेऊन प्रार्थनेस बसतों. कर्ज खरें आहे. पाझरही खरा होता. म्हणून उपदेशकांस आमची एक विनंती आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेंत मागणीं सुरू करण्यापूर्वीं घरांतल्या प्रत्येकानें त्या दिवसांतली एक गोष्ट नांव घेऊन सांगावी. "देवा, तुझे उपकार अनंत" असें मोघम नको. मुलें हें काम मोठ्यांपेक्षां चांगलें करितात.

आणखी एक. नव्या भावाशीं भाऊबंद बोलत नाहींसे होतात, लग्नाचें बोलावणें येत नाहीं, आणि त्यास वाटूं लागतें कीं, गांवांतून आपणांस आतां कांहींच मिळावयाचें नाहीं. अशा वेळीं पलीकडची म्हातारी कुंपणावरून वाटीभर विरजण देते. ती आपल्या मंडळींतली नाहीं, म्हणून तें देवाचें दान नव्हे, असें समजूं नये. एलीयास दुष्काळांत जिनें पोसलें ती सारफथची विधवा सीदोन प्रांतांतली, परक्या लोकांतली होती. तिचें मडकें पिठानें भरून वाहूं लागलें, असें शास्त्र सांगत नाहीं. तें रितें झालें नाहीं, इतकेंच सांगतें. रोज सकाळीं तिनें भीतभीतच आंत हात घातला असेल, आणि तळाशीं त्या एका दिवसापुरतें पीठ तिच्या बोटांस लागलें असेल.