उरलेल्याचा हिशेब

आम्ही बीफ खात नाही. घराण्यात कोणी खाल्ल्याचे ऐकिवात नाही आणि या वयात खाण्याचा विचारही नाही. तरीही स्टेकविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत, ते मडगावातील आमच्या शेजाऱ्यांमुळे. त्यांचे आयुष्य बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेले. निवृत्त होऊन परतल्यावर, रविवारची मीस आटोपली की ते मागच्या पडवीत मांस मुरवायला बसतात आणि आम्ही चहा घेत पाहत असतो. (आमचा पेला वेगळा असतो. त्यांनीच तो वेगळा ठेवला आहे. आम्हीही कधी नको म्हटले नाही.)

जनावराच्या कण्याखाली दोन लांबट पट्ट्या असतात. चालण्यात वा ओझे ओढण्यात त्यांना फारसे काम पडत नाही, म्हणून त्या मऊ राहतात. मीठ, मिरी, थोडी लसूण आणि कडक तापलेला तवा एवढे त्यांना पुरते. मांडी, मान आणि पोटरी यांनी मात्र जन्मभर कष्ट उपसलेले असतात. तेथील तंतू जाड, त्यांना बांधणारी आवरणे चिवट. शिरक्यात रात्रभर ठेवले की असे मांस आतपर्यंत मऊ होते, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात शिरका काही मिलिमीटरांवरच थांबतो. त्याहून खोल जाते ते मीठ, तेही सावकाश. कच्ची पपई काम करते, पण वेळ चुकली तर वरचा थर पिठूळ आणि आतला जसाच्या तसा. म्हणून मांडीचे काप ते पातळ, तंतूंना आडवा छेद देऊन करतात. पोटरीचा स्टेक करण्याच्या फंदात ते पडत नाहीत. ती तीन तास मंद आचेवर ठेवली की तिच्यातील चिवटपणाच विरघळून रस्सा दाट होतो.

एकदा परदेशातून सुट्टीवर आलेल्या त्यांच्या नातवाने मऊ पट्टीचाच हट्ट धरला. आजोबांनी विचारले, "दोन पट्ट्यांसाठी जनावर मारायचे, तर बाकीचे कोणी खायचे?" नातू म्हणाला, "खाईल कोणीतरी."

आमची हयात सरकारी हिशेब तपासण्यात गेली. 'कोणीतरी' या नावावर खर्ची पडलेली रक्कम आम्ही कधी मंजूर केली नाही. आजोबांचा प्रश्न आम्हाला मनापासून पटला, आणि आपण या व्यवहारातच नाही याचे थोडे समाधानही वाटले.

ते समाधान घरी पोचेपर्यंत टिकले. रात्री दूध तापवताना मनात आले की, वासरू झाल्याखेरीज गाय-म्हैस दूध देत नाही आणि वासरांपैकी सुमारे निम्मे नर असतात. नांगराला ट्रॅक्टर आल्यापासून ते कोणाला हवेत? आटलेली म्हैस कोठे जाते? १९७८च्या कायद्याने गोव्यात गायीच्या कत्तलीस बंदी आहे. पण कायदा दावणीला चारा घालत नाही, हे रस्त्यावर बसलेली गुरे पाहून कोणालाही कळेल. आम्ही दूध, दही, तूप घेतले. उरलेले कोणाच्या खाती टाकले? 'कोणीतरी' नेले असेल.

मारणारा आणि दूध पिणारा एकच, असे आमचे म्हणणे नाही. हेतूला नीतिविचारात मोल आहे आणि न खाण्यामागील श्रद्धा आम्हाला आजही प्रिय आहे. पण हेतू शुद्ध असला म्हणून खात्यातील शिल्लक नाहीशी होत नाही. पोटरीपर्यंत सारे जनावर संपवणारे आमचे शेजारी आपली बाजू निदान उघड्यावर मांडतात.

हे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. ते परतले त्या वर्षी, पडवीतील वासाबद्दल वाड्यातल्या काहींनी पालिकेला अर्ज दिला होता. त्यावर आमचीही सही होती. गेल्या रविवारी आम्ही ते त्यांना सांगितले. त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होते. हातातला काप उलटून त्यांनी त्यावर मीठ चोळले आणि म्हणाले, "बाब, चहा निवतोय."

चहा दुधाचाच होता. आम्ही तो घेतला.